थकल्या बैलाचे शिंग

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात, पोशेरा गावाच्या आसपास, नागली, वरई आणि भाताची शेती ज्याच्या खांद्यावर वर्षानुवर्षे उभी राहते, तो बैल उतारवयाकडे झुकू लागला की घरधन्याने त्याच्या शिंगांवर विशेष नजर ठेवावी. कारण शिंगाचा कर्करोग ही भारतीय गोवंशातील, त्यातही खच्ची केलेल्या बैलांतील, सुपरिचित व्याधी असून ती बहुधा एकाच शिंगाच्या पोकळीतील अस्तरात नकळत मूळ धरते.

जनावर वारंवार डोके झटकते, शिंग गोठ्याच्या मेढीला घासते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो, आणि पुढे शिंग मुळाशी मऊ पडून एका अंगास कलते. ते मोडले, तर आतली फुलकोबीसारखी गाठ उघडी पडून जखमेत अळ्या होतात.

ही वेळ येण्यापूर्वीच सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला, तर शिंगाच्या मज्जातंतूपाशी बधिरतेची सुई देऊन ते मुळापासून कापता येते, आणि रोग उलटू नये म्हणून व्हिंक्रिस्टीन हे औषध शिरेतून देण्याचाही प्रघात आहे.

ही दक्षता बैलापुरतीच नसावी; दाराशी राखण करणाऱ्या वृद्ध कुत्रीच्या स्तनांवरूनही अधूनमधून हात फिरवावा, आणि लहानशी गाठ लागली तरी हयगय करू नये. मुंबईत परळला १८८६ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे; परंतु रोगाची पहिली वर्दी तेथील तज्ज्ञाला नव्हे, तर रोज वैरण घालणाऱ्या हाताला मिळते. वार्धक्य हा रोग नव्हे, आणि ज्याने आपल्यासाठी कष्ट उपसले त्याचे दुखणे वयाच्या खाती जमा करून मोकळे होणे हा न्याय नव्हे.