ओझरचे आकाश आणि सातपूरचा प्रवासी

ज्या नाशिक जिल्ह्यात १९६४ साली लढाऊ विमानांचा कारखाना स्थापन झाला, ज्याच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत विमानांच्या पिढ्या बाहेर पडल्या आणि जेथून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथेच जुळणी झालेल्या तेजस मार्क-१ए ने पहिली झेप घेतली, त्या जिल्ह्यातील नागरिकाला दिल्लीस किंवा बंगळुरास जावयाचे झाल्यास आधी कसारा घाट उतरून मुंबई गाठावी लागावी, ही विसंगती कित्येक वर्षे आपण निमूटपणे सोसली. ओझरला प्रवाशांसाठी स्वतंत्र टर्मिनल उभे राहिले ते २०१४ साली, म्हणजे कारखान्याच्या स्थापनेनंतर अर्ध्या शतकाने. आणि ते उभे राहिल्यावरही, काही अल्पजीवी प्रयत्न वगळता, नियमित विमानसेवेची वाट पाहण्यात आणखी तीनचार वर्षे गेली.

या प्रश्नाची सर्वांत सखोल चर्चा मी जर कोठे ऐकली असेल, तर ती सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत. त्र्यंबक रस्त्यालगतच्या या वसाहतीत मायको, म्हणजे आजचे बॉश, सिएट, महिंद्र यांच्यासारखे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान उद्योग नांदतात. पहिली पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर जमणाऱ्या मंडळींत ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ असतात, खरेदी विभागातले अधिकारी असतात आणि विमानांच्या निव्वळ ध्यासाने भारलेले तरुण अभियंतेही असतात. कोणत्या सेक्टरवर आज किती लोड होता, दिल्लीचे विमान कोणत्या वेळेला उतरले, एअरबसच्या जागी एटीआर का आले, याची खबर त्यांना वर्तमानपत्राआधी लागलेली असते. हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर एक पिवळे चिमुकले विमान सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे सरकत असते आणि त्यावर बोट ठेवून एखादा वृद्ध तंत्रज्ञ उतरण्याची दिशा वाऱ्यावरून आधीच सांगून मोकळा होतो.

त्यांच्या या चर्चेस हौसेचे नाव देणे मला अन्यायाचे वाटते. परदेशी ग्राहकाचा निरीक्षक मध्यरात्री मुंबईत उतरतो, त्याच्यासाठी कारखान्याची गाडी संध्याकाळीच निघालेली असते, पहाटे घाट चढून तो सातपूरला पोहोचतो तेव्हा झोपेने त्याचे डोळे मिटत असतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच परतीच्या विमानासाठी त्याला निघावे लागते. जी पाहणी दोन दिवस चालावयाची, ती अर्ध्या दिवसात उरकली जाते. विमानसेवेचा अभाव कारखानदारास या अशा रूपाने भेटतो. त्याची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात होत नाही.

लहान शहरांना आकाशमार्गाने जोडण्याची आकांक्षा महाराष्ट्रात जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरविले, तेथून भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ मानतात. परंतु त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १९३९ साली, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीला विमानतळ उभारला होता, हे आपण सहसा स्मरत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली, तीच आजच्या ओझरच्या कारखान्याची जननी. आणि ज्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनचे ते एक संस्थापक होते, तिने १९४३ साली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही मुंबईची विमानकंपनी आपल्या ताब्यात घेतली. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले, या कंपनीसह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या, आणि मोठ्या शहरांच्या मार्गांपुढे लहान गावांचे मार्ग क्रमशः गौण ठरत गेले. ती उणीव भरून काढण्यासाठी १९८१ साली ‘वायुदूत’ जन्मास आली. प्रारंभी ईशान्य भारतासाठी आणि पुढे देशभरातील लहान धावपट्ट्यांसाठी. कानपूरला बांधलेली डॉर्नियर विमाने तिच्या ताफ्यात होती. तोट्याने खचून १९९३ साली तीही इंडियन एअरलाइन्समध्ये सामावली गेली.

कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन सुरू केली, तेव्हा स्वस्त विमानप्रवासाची कल्पना भारतात प्रथमच बाजारात उतरली. विमानात फुकट जेवण नाही, तिकिटाची किंमत मागणीप्रमाणे चढती-उतरती, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे. या तीन तत्त्वांवर एटीआर-४२ विमानांनी लहान शहरे जोडण्याचा तो उपक्रम काही वर्षे मोठ्या जोमाने चालला आणि शेवटी किंगफिशरमध्ये विरून गेला.

येथे सातपूरची मंडळी ज्या दोन आकड्यांवर नेहमी बोट ठेवतात, ते सांगणे अवश्य आहे. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानास देशांतर्गत नियमित सेवेसाठी उतरण्याचे शुल्क माफ असते; आणि चाळीस हजार किलोपेक्षा कमी वजनाच्या विमानास विकलेल्या इंधनावरील कर, मोठ्या विमानांच्या इंधनावर काही राज्ये पंचवीस टक्क्यांच्या आसपास आकारीत आली असतानाही, चारपाच टक्क्यांत अडकविलेला असतो. इंडिगोच्या एटीआर-७२ मध्ये अठ्ठ्याहत्तर आसने का, हा प्रश्न मग उरत नाही. पंख्याचे हे विमान ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने जाते, जेट विमानापेक्षा सावकाश. पण तीनचारशे किलोमीटरांच्या मार्गावर जेटला आपला वेग दाखविण्याइतके अंतरच मिळत नाही, इंधन मात्र चढणीतच भरमसाट जळते. प्रादेशिक विमानसेवेचे अर्थशास्त्र अशा नियमांच्या कडेकडेने वाढलेले आहे, आणि ज्यास ते नियम ठाऊक नाहीत त्याने एखादा मार्ग का बंद पडला याविषयी मत देण्याची घाई करू नये.

२०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना जाहीर केली. तिची रचना मुळात समंजस होती. ज्या मार्गावर कंपनीस तोटा होईल त्याची भरपाई तीन वर्षांच्या मुदतीपर्यंत द्यावयाची, त्यातील वीस टक्के भार राज्याने उचलावयाचा, त्या मुदतीत त्या मार्गाचा मक्ता त्या एकाच कंपनीकडे राहावयाचा, आणि मोबदल्यात सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या मर्यादेत ठेवावयाचे. भरपाईचा निधी मोठ्या मार्गांवरील विमानांवर उपकर बसवून उभा करावयाचा. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गाबरोबरच नांदेड-हैदराबाद मार्गासही हिरवा झेंडा दाखविला गेला, तेव्हा मराठवाड्यातील आनंद खरा होता.

नाशिकच्या वाट्यास आली ती नव्याने अवतरलेली एअर डेक्कन. २३ डिसेंबर २०१७ रोजी तिची सेवा सुरू झाली, ती एकोणीस आसनांपर्यंतच्या बीचक्राफ्ट १९००डी विमानांनी. एवढ्या लहान विमानात हवाई सेविका ठेवण्याचे बंधन नसते. वैमानिकांच्या खोलीपासून शेवटच्या आसनापर्यंत एकच अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंस एकेक आसन, त्यामुळे प्रत्येक प्रवाशास खिडकी लाभते. परंतु मुंबईसारख्या विमानतळावर, जेथे एकमेकींस छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर मिनिटामिनिटाचा हिशेब चालतो, तेथे एकोणीस प्रवाशांच्या विमानास सोयीची वेळ देण्यास कोण राजी होणार? पावणेदोनशे प्रवाशांचे विमान उतरण्यासही तेवढाच वेळ लागतो. वेळ गैरसोयीची, रद्द होण्याची टांगती तलवार, आणि तिकडे रस्त्याने चार तासांत मुंबई. या स्थितीत प्रवासी टिकला नाही यात त्याचा दोष नाही. २०२० साली करोनाच्या काळात ती कंपनीच थांबली.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्ली जोडली, आणि एप्रिल २०१९ मध्ये जेटच बुडाली. ट्रूजेटने अहमदाबाद, अलायन्स एअरने हैदराबाद व अहमदाबाद, जानेवारी २०२१ पासून कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअरने बेळगाव, स्पाइसजेटने हैदराबाद व दिल्ली असे मार्ग चालविले. काही टिकले, बरेच सुटले, ट्रूजेट तर स्वतःच बंद पडली. १५ मार्च २०२३ पासून इंडिगोने गोवा, नागपूर व अहमदाबाद सुरू केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्ली. तेव्हापासून प्रथमच नाशिककरांना विमान हे पंचांगाप्रमाणे विश्वासाने पाहता येईल अशी आशा निर्माण झाली.

नाशिकचा हा अनुभव एकट्या नाशिकचा नव्हता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली उडान योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंतचे ७७४ मार्ग तपासले. त्यांतील ३७१ च सुरू झाले होते, सवलतीची तीन वर्षे पुरी करू शकले ते ११२, आणि मार्च २०२३ पर्यंत सवलतीविना टिकून होते ते केवळ ५४. या आकड्यांकडे पाहून योजनाच फसली असा निष्कर्ष काढणारे विद्वान मला भेटले आहेत. माझे मत वेगळे आहे. नाशिक-दिल्लीस प्रवासी मिळत होते. तो मार्ग जेटच्या दिवाळखोरीने गेला. नाशिक-मुंबईस मात्र मुळातच आधार नव्हता. पावणेदोनशे किलोमीटरांसाठी विमानतळावर तासभर आधी जाणे, मग अर्ध्या तासाची झेप, मग अंधेरीच्या गर्दीत उतरणे, हा व्यवहार पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकास कधीच पटणार नव्हता. आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर तर त्याचा विचारही निरर्थक झाला. ज्या मार्गास रस्त्याचा पर्याय नाही त्याच मार्गावर सार्वजनिक पैसा खर्चावा, हे एवढे साधे तारतम्य मार्ग वाटून देताना पाळले गेले असते, तर त्या ५४ चा आकडा निश्चित मोठा दिसला असता.

पंचवटीचाच दाखला पुढे नेऊन सातपूरचे लोक दुसरी गोष्ट सांगतात आणि ती मला अधिक मोलाची वाटते. गाडीवर विश्वास बसतो तो तिच्या नित्यतेमुळे. आठवड्यातून तीन दिवस उडणारे विमान पर्यटकास चालते. ज्यास मंगळवारी हैदराबादला बैठक आहे आणि विमान बुधवारी आहे, त्याच्या दृष्टीने ते विमान नसल्यासारखेच आहे. कारखानदारास सकाळी जाऊन रात्री परतता आले, तर तो मुक्कामाचा खर्च वाचवून तिकिटाचे दोन पैसे अधिक देण्यास तयार असतो. स्वस्ताईपेक्षा वेळापत्रक त्याला प्रिय आहे, आणि सवलतीची सारी रचना भाड्याच्या मर्यादेवर बेतलेली असल्याने या प्रवाशाचा विचार तीत फारसा झालेला नाही.

ओझरला साधने भरपूर आहेत. सुमारे तीन किलोमीटरांची धावपट्टी आहे, मालवाहतुकीसाठी ‘हालकॉन’ हे संकुल आहे, एअरबस ए-३२० विमानांच्या देखभालीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २०२३ साली एअरबसशी करार केला आहे, शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून शेजारी असूनही नाशिकच्या उद्योगांची गरज वेगळी राहिली आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी नव्या सोयींची तयारी चालली आहे. सिंहस्थाची गर्दी काही महिन्यांत ओसरेल आणि त्या काळात सुरू झालेली विमाने तिच्याबरोबर परत फिरण्याचा धोका खरा आहे. म्हणून सातपूर व अंबडच्या उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे की, त्यांनी निवेदने देण्यापूर्वी एक काम करावे. आपल्या सभासद कारखान्यांतून वर्षभरात कोण, कोणत्या वारी, कोणत्या शहरी, किती वेळा गेले, याची कारखानानिहाय नोंद तयार करावी. ही माहिती प्रत्येक कारखान्याच्या हिशेबखात्यात आजही पडून आहे. ती एकत्र करून विमानकंपन्यांपुढे ठेवावी, आणि दिल्ली, हैदराबाद व बंगळूर या तीन मार्गांवर सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची रोजची सेवा लेखी मागावी.