परभणीच्या काळ्या मातीत बाईक चालवताय? मग घरच्या घरी ही कामं जमलीच पाहिजेत

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणीचा माणूस कुठेही गेला तरी सोबत घेऊन जातो. जर्मनीशी तुलना नेमकी कशावरून, यावर तासभर वाद घालता येईल. पण तिकडच्या गुळगुळीत रस्त्यावर बाईक चालवणं वेगळं आणि जिंतूर, पालम, सोनपेठच्या रस्त्यावर चालवणं वेगळं, यावर कुणाचं दुमत नसेल.

पावसाळा ओसरला की एमएच-२२ पासिंगच्या गाड्या फिरायला बाहेर पडतात. उत्तरेला जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, चारठाण्याची जुनी मंदिरं, पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. आणखी पुढे गेलं की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. दक्षिणेला गोदाकाठचं गंगाखेड, म्हणजे संत जनाबाईंचं गाव, आणि त्यापलीकडे बालाघाटाच्या डोंगररांगा.

फोटो, रील सगळे टाकतात. पण राइड नीट होणार की गाडी मध्येच आडवी होणार, हे बहुतेक वेळा आदल्या दिवशी घराच्या अंगणात ठरलेलं असतं. त्यातही परभणीत गाडीचा एक खास शत्रू आहे, इथली काळी माती.

काळी माती गाडीचं काय करते?

मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. लोणारला उल्का आदळली तीही याच बेसाल्टवर. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं. ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तेच रान पायाला धरून ठेवतं.

कापसाला, सोयाबीनला ही माती चांगली. दुचाकीला मात्र ती तीन प्रकारे त्रास देते.

पहिला त्रास रस्त्याचा. खालची माती दरवर्षी फुगते आणि आकसते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो, कडेने चिरतो. त्याचे दणके पुढचे शॉकअप, हँडलचा कोनसेट आणि चाकाचे बेअरिंग खातात.

दुसरा त्रास चिखलाचा. पांदण रस्त्यावर ही माती टायर आणि मडगार्डच्या मधे भरत जाते. थोड्या अंतरात ती इतकी घट्ट बसते की पुढचं चाक फिरायचंच थांबतं. म्हणून अनेक शेतकरी पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात. डांबरी रस्त्यावरही सुटका नाही. रानातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला लागलेला गाळ रस्त्यावर सोडत जातो. वर पावसाची एक सर आली की तिथे साबण टाकल्यासारखं होतं.

तिसरा त्रास धुळीचा. चिखल वाळला की त्याची बारीक भुकटी होते. ती एअर फिल्टरमध्ये जाते, चेनच्या ऑइलला चिकटते आणि तिथे पॉलिश पेपरसारखं काम करते.

कंपनीच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचं जे अंतर दिलेलं असतं, ते साधारण वापरासाठी. धूळ, चिखल, जास्त उष्णता असेल तर काही कामं लवकर करा, असंही बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं. परभणीत तर मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. म्हणजे हा सल्ला परभणीकरांना वर्षभर लागू आहे.

घरी काय काय जमतं?

यासाठी मोठं गॅरेज लागत नाही. पान्यांचा एक सेट, पेचकस, हवेचा गेज, जुना ब्रश, सुती कापड आणि ज्याला डबल स्टँड आहे अशी गाडी, एवढ्यावर बरंच काम होतं.

चेन : चिखलातून आल्यावर सगळ्यात आधी चेनकडे बघायचं. रॉकेल, डिझेल किंवा चेन क्लीनर ब्रशने लावून मळ काढायचा, कापडाने पुसायचं आणि मग ९० नंबर गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे मारायचा. चेनमध्ये रबरी ओ-रिंग असेल तर पेट्रोल वापरायचं नाही, त्याने रबर खराब होतं. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल चेनला लावायची सवय आपल्याकडे फार आहे. पण त्यात काजळी आणि धातूचे बारीक कण असतात. पैसे वाचवायच्या नादात चेनसेटच लवकर जातो.

चेन किती सैल हवी? बऱ्याच गाड्यांत खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिलिमीटर खेळ सांगितलेला असतो. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळतो. चेन फार ताणली तर बेअरिंगवर भार येतो. फार ढिली ठेवली तर ती उतरते आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं.

इथे एक गोष्ट कधीच करायची नाही. गाडी डबल स्टँडवर लावून, गिअरमध्ये टाकून, चाक फिरत असताना चेन पुसायची नाही. कापड चेनमध्ये अडकतं आणि त्यासोबत बोटं आत ओढली जातात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवायचं.

एअर फिल्टर : फोमचा फिल्टर धुता येतो. आजच्या अनेक गाड्यांत मात्र तेलाचा लेप दिलेला कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नाही आणि त्यावर हवाही मारायची नाही, कारण त्याने लेप निघून जातो. खराब झाला की सरळ बदलायचा. फिल्टर तुंबला की ॲव्हरेज पडतं आणि गाडी ओढत नाही.

इंजिन ऑइल : लेव्हल बघताना गाडी सपाट जागेवर, सरळ उभी हवी. ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय का ते बघायचं. बहुतेक मोटारसायकलींत क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडलेल्या असतात. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागू शकतो. ऑइल स्वतः बदलत असाल तर खालचा नट प्रमाणात आवळायचा. तिथले ॲल्युमिनियमचे आटे गेले की शंभर रुपये वाचवायला गेलेल्याचे हजार जातात. आणि काढलेलं ऑइल रानात, नालीत ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजवर द्यायचं.

हवा आणि टायर : हवा टायर थंड असतानाच तपासायची. उन्हात २०-२५ किलोमीटर चालवल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं. ते बघून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. टायरच्या खोबणीत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

कोनसेट : गाडी डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचललेलं ठेवायचं. दोन्ही हातांनी शॉकअपचे खालचे पाय धरून पुढेमागे हलवायचे. 'कट-कट' जाणवलं किंवा हँडल वळवताना मधेच अडकलं, तर दुरुस्ती हवी. तपासणी घरी होते, काम मेकॅनिककडे करायचं.

धुणं : गरम इंजिनावर थंड पाणी मारायचं नाही. प्रेशरचा पाइप चाकाचे बेअरिंग, वायरींचे जोड आणि मीटरवर रोखायचा नाही. चमक यावी म्हणून अंगभर डिझेल मारून घेतलं तर ते रबरी भागांना मारक ठरतं, वर धूळ आणखी चिकटते. आणि ते ब्रेकवर गेलं तर पुढच्याच वळणावर कळतं.

कुठे थांबायचं?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याजागी फ्युएल इंजेक्शन आलं. आधी बंद पडलेली गाडी प्लग पुसून, कार्बोरेटर साफ करून चालू व्हायची. आता सेन्सर हवा, तापमान मोजतात आणि किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर स्कॅनर लावूनच दोष कळतो. अंदाजाने वायरी उचकटल्या तर नुकसान वाढतं.

डिस्क ब्रेकचंही तसंच. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवेतला ओलावा मुरतो, म्हणून ते ठरावीक मुदतीने, बऱ्याच गाड्यांत दोन वर्षांनी, बदलावं लागतं. बदलताना पाइपमध्ये हवा राहिली तर लिव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही. ड्रम ब्रेकचा नट आवळणं वेगळं आणि हे काम वेगळं. याचा पहिला प्रयोग राइडच्या आदल्या रात्री करू नये.

सायलेन्सर बदलायचा विचार असेल तर कायदाही माहीत हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाचे नियम मोडले तर कलम १९० खाली दंड १० हजारांपर्यंत जातो. शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनी अशा बदलांवर बोट ठेवू शकते.

जुन्या गाड्यांचं आणि ई-२०चं काय?

२०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या प्रकारच्या रबरी भागांना मानवत नाही. घरातली जुनी स्प्लेंडर किंवा बुलेट महिनोन् महिने उभी असेल, तर पेट्रोलची नळी कडक झालीय का, भेगा पडल्यात का, पेट्रोल झिरपतंय का, हे आधी बघायचं. नळी स्वस्तात मिळते. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल मात्र जिवावर बेतू शकतं.

निघताना

सकाळची पाच मिनिटं पुरतात. दोन्ही ब्रेक, पुढचा-मागचा लाइट, इंडिकेटर, हवा, चेन आणि आयएसआय मार्कचं हेल्मेट. लाइटचं महत्त्व गाळपाच्या हंगामात जास्त. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात आणि अनेकींच्या मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. अशा वेळी अंधार पडायच्या आत घरी पोचायचं नियोजन केलेलं बरं.

पावसाळ्यात रस्ता सोडून कच्च्यात उतरायचा मोह झाला, तर शेतकऱ्यांचा नियम लक्षात ठेवायचा. वाफसा आल्याशिवाय तेही काळ्या रानात औत घालत नाहीत. जिथे बैल थांबतात, तिथे दोन चाकांनीही थांबलेलं चांगलं.