एक फाइल, हजार सर्व्हर. वाटप होते कसे?

भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी थेट प्रत्येक घरात जात नाही. आधी ते ठिकठिकाणच्या सेवा जलाशयांत पोहोचते, तिथून वस्त्यांत. डेटा सेंटरमध्ये मोठी फाइलही अशीच टप्प्याटप्प्याने वाटतात.

अडचण काय?
समजा, १० जीबीची फाइल १,००० सर्व्हरना हवी आहे. ती देणारा सर्व्हर एकच आणि त्याचा वेग सेकंदाला १० गिगाबिट असेल, तर सुमारे सव्वादोन तास लागतील. फाइल सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त करणारी असेल, तर तोवर शेवटचे सर्व्हर असुरक्षितच!

उपाय काय?
फाइलचे लहान तुकडे करतात. तुकडा मिळालेला सर्व्हर तो लगेच इतरांना देतो. पाणी वाटले की कमी होते; इथे मात्र घेणाराच देणारा बनतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१मध्ये आणलेले 'बिटटोरेंट' तंत्र हेच. पुढे ट्विटर आणि फेसबुकनेही आपल्या सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर पोहोचवण्यासाठी ते वापरले.

धोका काय?
प्रत्येक तुकड्याचा 'हॅश', म्हणजे डिजिटल ठसा, जुळला तरच तो स्वीकारला जातो. पण मूळ फाइलच सदोष असेल, तर ठसा जुळतो आणि चूकही त्याच वेगाने पसरते. म्हणून नवी फाइल आधी मोजक्या सर्व्हरवर तपासून मगच सर्वत्र पाठवणे शहाणपणाचे.