विश्लेषण : सलग सहा विजय, तरीही बुलढाण्यातील शिवसेनेचा गड का हादरला?

बुलढाणा लोकसभा मतदारसंघ १९९९ पासून शिवसेनेकडे आहे. प्रतापराव जाधव २०२४ मध्ये सलग चौथ्यांदा खासदार झाले आणि केंद्रात आयुष राज्यमंत्रीही. मात्र मतांची विभागणी पाहता निकाल वाटतो तितका एकतर्फी नाही.

मतदारसंघ कसा आहे?

बुलढाणा, चिखली, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद हे सहा विधानसभा मतदारसंघ यात येतात. जिल्ह्यातील मलकापूर मात्र रावेर लोकसभेत आहे. सोयाबीन आणि कापूस ही येथील प्रमुख पिके. १९७७ ते २००४ दरम्यान ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. २००९ पासून ती खुली झाली.

मतदारांनी कौल किती वेळा बदलला?

१९७७ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे दौलत गवई विजयी झाले. १९८० मध्ये बाळकृष्ण वासनिक आणि १९८४ मध्ये त्यांचे पुत्र मुकुल वासनिक यांनी काँग्रेसला यश मिळवून दिले. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत पक्ष बदलला. १९८९ मध्ये भाजपचे सुखदेव काळे, १९९१ मध्ये वासनिक, १९९६ मध्ये शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ मध्ये पुन्हा वासनिक आणि १९९९ मध्ये पुन्हा अडसूळ निवडून आले.

२०२४ मध्ये काय घडले?

शिवसेनेतील फुटीनंतर जाधव एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. त्यांच्यासमोर ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर होते. धनुष्यबाणाची पारंपरिक मते अशी दोन गटांत विभागली गेली. २०१९ मध्ये सव्वा लाखाहून अधिक असलेले जाधव यांचे मताधिक्य २९ हजार ४७९ वर आले.

तुपकर यांच्या मतांचा अर्थ काय?

सोयाबीन-कापसाच्या भावासाठी आंदोलने करणारे अपक्ष रविकांत तुपकर यांना सुमारे अडीच लाख मते मिळाली. ही मते विजयी मताधिक्याच्या आठपटीहून अधिक आहेत. दोन्ही शिवसेनांच्या लढाईत शेतमालाच्या भावाने स्वतंत्र जागा मिळवली.

पुढे काय?

काही महिन्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत जाधव यांचा बालेकिल्ला मानल्या जाणाऱ्या मेहकरमध्ये ठाकरे गटाचे सिद्धार्थ खरात जिंकले. बुलढाण्यात शिंदे गटाचे संजय गायकवाड अवघ्या ८४१ मतांनी वाचले. त्यामुळे केवळ चिन्हाच्या बळावर पुढची निवडणूक जिंकता येईल, असे कोणत्याही पक्षाने गृहीत धरण्यासारखी स्थिती नाही.