पठारावरील भूकंप : हेतू आणि प्रत्यय

ज्या प्रदेशात भूकंप वारंवार होतात, तेथील मनुष्य हादरा बसताच तो ओळखतो. जेथे पिढ्यान्‌पिढ्या जमीन हललेली नाही, तेथील मनुष्यास तो प्रथम कळतच नाही. रस्त्याने एखादा अवजड ट्रक गेला असावा, खाणीत सुरुंग उडाला असावा किंवा आपणासच घेरी आली असावी, असे त्यास वाटते. मांडणीवरील भांडी वाजू लागली, टांगलेला कंदील झोके घेऊ लागला, म्हणजे मग जमीन हलत असल्याचे त्याच्या ध्यानात येते. आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : हे का घडले? या प्रश्नाचे जे उत्तर समाज स्वीकारतो, त्यावर पुढील हादऱ्यात किती माणसे वाचणार हे अवलंबून असते. म्हणून महाराष्ट्राच्या पठारापुरता त्याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेले आहे. हा कठीण, पुरातन भूभाग स्थिर आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने तिला पहिला मोठा तडा दिला. परंतु त्या भूकंपाचा संबंध कोयनेच्या जलाशयाशी जोडला गेला आणि इतरत्र काळजीचे कारण नाही असे मानले गेले. किल्लारीचा परिसर तर त्या काळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. त्याच किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

हा भूकंप आकाशातून कोसळला नव्हता. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आहे आणि हिमालयापाशी तो आशियाच्या भूपट्टास भिडतो. त्या टकरीचा ताण हिमालयापुरता न राहता भूपट्टाच्या अंतर्भागातही साठत असतो. तेथे खडकात एखादा जुना, दुर्बल भेग-प्रदेश असेल, तर दीर्घकाळ साठलेला ताण तेथे एकाएकी मोकळा होतो. ताण साठण्याची ही क्रिया अतिशय मंद असल्यामुळे दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षेही जातात. किल्लारीपासून फार दूर नसलेल्या तेर येथे, तेरणेच्या काठच्या मातीच्या थरांत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा भूवैज्ञानिकांनी नोंदविल्या आहेत. तेर हे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रम मंदिराची विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असे अभ्यासक मानतात. ज्या भूमीने चैत्यगृह पाहिले, तिने भूकंपही पाहिला असावा. माणसांच्या स्मृतीतून मात्र दोन्ही पुसले गेले.

हादऱ्याचा अनुभवही कार्यकारणाने समजावून घेता येतो. भूकंपाच्या नाभीपासून प्रथम निघतात त्या प्राथमिक लहरी. कठीण खडकात त्या सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतात आणि गडगडाट किंवा हलका धक्का म्हणून जाणवतात. त्यांच्या मागून सुमारे साडेतीन किलोमीटर गतीने दुय्यम लहरी येतात. भिंतींना आडवे हेलकावे देणाऱ्या याच असतात. पहिला धक्का आणि मोठा हेलकावा यांत जितके सेकंद जातील, त्यांस आठाने गुणले असता नाभीचे अंतर किलोमीटरमध्ये अंदाजे कळते. किल्लारीसारखी नाभी उथळ आणि गाव तिच्या जवळ असले, तर मध्ये अवधीच उरत नाही.

२१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. नांदेड व परभणीतही ते जाणवले आणि लोक घराबाहेर आले. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. या हिशेबाने किल्लारीच्या भूकंपाची ऊर्जा त्यांच्या साडेतीनशे पटींच्या आसपास होती. तेव्हा हिंगोलीच्या हादऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण त्यास विसरून जाणेही योग्य नाही. १९९२ साली किल्लारी परिसरातही लहान धक्के बसले होते व जमिनीतून आवाज आले होते. लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप येतोच असे नाही, आणि त्याचा दिवस व वेळ सांगण्याची विद्या आजही कोणाजवळ नाही. ती सांगणारा ज्योतिषी लोकांची फसवणूक करीत असतो.

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात वैशालीच्या चापाल चैत्यापाशी भूकंप झाल्याचा प्रसंग आहे. तेव्हा आनंदाने तथागतांस विचारले ते या कंपाचा हेतू कोणता व प्रत्यय कोणता, एवढेच. तथागतांनी सांगितलेल्या आठ कारणांतील पहिले पूर्णतः नैसर्गिक आहे : पृथ्वी जलावर, जल वायूवर आणि वायू आकाशात स्थित असून, वायू क्षुब्ध झाला म्हणजे जल व पृथ्वी कंप पावतात. आजच्या भूविज्ञानात हे वर्णन टिकत नाही. उरलेल्या कारणांत ऋद्धी, देवता आणि बोधिसत्त्वाच्या जीवनातील घटना येतात. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अलौकिकावरील विश्वासास अधम्म म्हटले आहे. त्या दृष्टीने पाहता या भागास श्रद्धेची कथा म्हणूनच वाचणे प्राप्त आहे. आपणास घ्यावयाचा आहे तो आनंदाचा प्रश्न.

हा प्रश्न सुटला की त्याची जागा पापपुण्य घेते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यास जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हा अन्याय आहे हे सिद्ध करण्यास धरणीकंपाची साक्ष लागत नाही. शिवाय त्या दंडात अस्पृश्यही मेले, त्यांनी कोणते पाप केले होते? संयुत्तनिकायातील मोलियसीवक सुत्तात तथागतांनी वेदनांची आठ कारणे सांगून, सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात हे मत त्याज्य ठरविले आहे.

आता किल्लारीतील मृत्यूंचा हेतू शोधू. तेथे बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी. दगडी भिंतीचे दोन थर, त्यांच्यामध्ये माती व चिपा, दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचे जड माळवद. अशी भिंत आडव्या हेलकाव्यात फुटते आणि माळवद निजलेल्यांवर येते. याउलट कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्यांनी हादरा पुष्कळ चांगला सोसला. ज्या हलक्या निवाऱ्यास दारिद्र्याची खूण मानले गेले, त्याने माणसे वाचविली.

पुनर्वसनात ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. या कार्याचा व्याप मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु घराचे क्षेत्रफळ ठरले ते जमिनीच्या मालकीवरून : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४५० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०. ज्यांच्या पूर्वजांना जमीन धारण करू दिली गेली नाही, त्यांच्या वाट्यास याही वेळी सर्वांत लहान घर आले. ही विषमता भूगर्भातून आलेली नव्हती. तिचाही हेतू होता आणि तो मनुष्यनिर्मित होता.

जे कारणांनी घडते, ते कारणे बदलली असता बदलते. भूकंप थांबविता येत नाही, घर मात्र सुधारता येते. माळवदावरील मातीचा भार कमी करावा, जुन्या भिंतीत आरपार दगड बसवावेत, नव्या बांधकामात दारा-खिडक्यांच्या वर चोहोबाजूंनी सलग काँक्रीटची पट्टी घालावी. गावोगावी विहारे उभी राहात आहेत. शिखर किती उंच असावे याची चर्चा होते, तशी पायाची, खांबांतील सळयांची आणि बुद्धमूर्ती घट्ट बसविण्याचीही व्हावी. संकटकाळी वस्तीस आसरा देऊ शकेल, अशी ती वास्तू असली पाहिजे. वर्षावासातील एखादे प्रवचन या विषयास द्यावे, आणि त्या दिवशी स्थानिक अभियंत्यास बोलावून उपासक-उपासिकांनी आपापल्या घरांच्या भिंती त्यास दाखवाव्यात, अशी आमची विनंती आहे.