रंगावरून विष कळत नाही

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सर्वांत घातक ठरू शकतात ती बटणाएवढी झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे नातलग जीव. चपटी तबकडी, कडेला आखूड शुंडकांची झालर आणि खाली सगळ्यांना जोडणारा मांसल थर, इतकी ओळख पटते. त्यांतल्या पॅलिथोआ या गटाच्या अंगात वाळूचे कणही रुतलेले असतात. त्यापुढे डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. 1971 मध्ये हवाईच्या शास्त्रज्ञांनी पॅलिथोआतून पॅलिटॉक्सिन हे विष वेगळे केल्याचे जाहीर केले. पण सारख्या दिसणाऱ्या दोन वसाहतींपैकी एक जहाल आणि दुसरी जवळजवळ निर्विष असू शकते. म्हणून प्रत्येक झोअँथिड विषारीच धरावे.

‘वर्षानुवर्षे उघड्या हातांनी हाताळतो, काही होत नाही,’ हा आक्षेप ठरलेला. त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की धडधाकट कातडीने आजवर साथ दिली. जखम, डोळा किंवा श्वास अशी वाट मिळाली, की हे विष पेशींच्या सोडियम-पोटॅशियम पंपाचे सताड उघडे दार करून टाकते. झोअँथिड चिकटलेला दगड उकळला की विष मरते, हा समज तर अंगाशीच येतो: ते उकळूनही टिकते आणि वाफेच्या तुषारांतून फुप्फुसात जाते. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हन्टन गावात टाकीतले प्रवाळ काढताना अख्खे कुटुंब रुग्णालयात पोहोचले, मदतीला आलेले अग्निशामक जवानही. तेव्हा हातमोजे आणि बंदिस्त चष्मा हवाच. काढलेला तुकडा, हत्यारे ब्लीचच्या द्रावणात बुडवावीत. या विषावर उतारा नाही. धाप, ताप किंवा तोंडाला धातूची चव आली, तर डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव आधी सांगा.