टाळ्यांना गुण किती द्यायचे?

परीक्षणाचे शास्त्र : लेखांक पाचवा

भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत येवल्यात गच्च्या माणसांनी भरतात, आसाऱ्या गरगरतात, आणि पतंग कटला की 'वकाट'ची आरोळी उठून हलकडी वाजू लागते. त्या खेळात परीक्षक लागत नाही. मांजा तुटला की निकाल लागला, तो हरणाऱ्यालाही दिसतो. ढोल-ताशाची पथके स्पर्धेच्या मैदानात उतरतात तेव्हा असा तुटणारा मांजा कुठेच नसतो. कोणीतरी बसून, ऐकून, पाहून ठरवावे लागते, आणि मग दरवेळी तोच वाद होतो: सगळे मैदान ज्या पथकाने डोक्यावर घेतले ते दुसरे कसे आले? मागच्या लेखांकात आपण एकांकिका आणि वक्तृत्व स्पर्धांच्या गुणपत्रिका पाहिल्या. आज त्याहून अवघड प्रश्न घ्यायचा आहे. लोकांना आवडणे हा गुणवत्तेचा भाग मानायचा की नाही?

या प्रश्नावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, परीक्षकाने फक्त ताल, एकसंधपणा आणि शिस्त बघावी. लोकांच्या टाळ्यांशी त्याचा काय संबंध? दुसरे म्हणते, ढोल माणसांसाठीच वाजतो, तेव्हा माणसांनाच विचारा. मला दोन्ही अपुरी वाटतात. रंजकता गुणपत्रिकेत असलीच पाहिजे, पण तिला स्वतःचा रकाना हवा, त्याचा अर्थ आधी लिहून दिलेला हवा आणि तो भरणारा माणूस जाणकार हवा. तिला नाव दिले नाही म्हणून ती निघून जात नाही. ती ताल आणि शिस्तीच्या रकान्यांत लपून बसते, आणि खरा अन्याय तिथे सुरू होतो.

आधी मोजता येण्याजोगे काय आहे ते पाहू. ताशाने चाल दिली की ढोलांनी ती नेमक्या ठोक्यावर उचलली का? टिपरू आणि थापी यांचे आवाज वेगळे आणि स्वच्छ येतात का? ताशाची तर्री शेवटच्या आवर्तनापर्यंत तितकीच दाट राहते का? झांजा, टोल आणि ध्वज त्याच लयीत आहेत का? एका हातावरून दुसऱ्या हातावर जाताना लय ढळते का? या प्रश्नांची उत्तरे दोन जाणकारांकडून बहुतेक सारखी येतील. पण लय हळूहळू चढवत नेणे, मध्येच सगळे ढोल थांबवून एकटा ताशा बोलता ठेवणे आणि मग सगळ्यांनी एकाच समेवर कोसळणे, ही रचनेची ताकद चुका मोजून सापडत नाही. ज्या वादनात एकही चूक नाही आणि जे ऐकून कोणाच्या अंगावर काटा आला नाही, ते वादन पूर्ण आहे असे मला म्हणवत नाही.

हा प्रश्न अमेरिकेतल्या ड्रम कोअर स्पर्धांनी फार तपशिलात सोडवून पाहिला आहे. पितळी वाद्ये, ढोल आणि झेंडे घेऊन दीडशेहून अधिक तरुणांची पथके तिथे फुटबॉलच्या मैदानावर बारा मिनिटांच्या आत आपला कार्यक्रम सादर करतात. ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाईटवॉटरला झाली. सुरुवातीच्या काळात परीक्षक वही घेऊन चुका टिपत आणि प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कापत. वरवर पाहता याहून निष्पक्ष काय असेल? पण अशा पद्धतीत अवघड हात वाजवणाऱ्या पथकाला चुकण्याची भीती जास्त आणि सोपे वाजवणाऱ्याला सुरक्षितता जास्त. धाडस करण्याचे कारणच उरत नाही. 1984 च्या हंगामापासून ही पद्धत गेली आणि काय चुकले याऐवजी काय साधले यावर गुण मिळू लागले. आजच्या गुणपत्रिकेत शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला आहेत, तीस दृश्य भागाला आणि तीस संगीताला. म्हणजे रंजकता तिथे सर्वांत जड रकान्यात, उघडपणे, बसलेली आहे. परिणामाचा परीक्षक टाळ्या मोजत नाही. रचनेत परिणाम घडवण्याची योजना होती का आणि वादकांनी ती तडीस नेली का, हे तो पाहतो.

रकाना वेगळा नसला तर काय होते, हे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 सालीच दाखवून ठेवले आहे. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव अशा वेगवेगळ्या गुणांवर तोलले होते. थॉर्नडाइक यांना आढळले की हे अंक एकमेकांशी संशय यावा इतके जुळतात. माणूस एकूण आवडला की त्याचा प्रत्येक गुण वर सरकतो. ढोलाच्या मैदानातही हेच घडते. फेटे झळकले, ध्वज उंच गेला, लोकांनी दाद दिली, की ढळलेली लयसुद्धा परीक्षकाच्या कानाला सावरलेली वाटू लागते. यावर कोणी म्हणेल की मुरलेल्या परीक्षकाला हे होणार नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेला चिया-जुंग त्साय यांचा अभ्यास मात्र वेगळे सांगतो. नामांकित संगीत स्पर्धांच्या अंतिम फेरीचे छोटे तुकडे लोकांना दाखवले तेव्हा नुसता आवाज ऐकून विजेता ओळखता येईना, पण आवाज बंद करून नुसते चित्र पाहणाऱ्यांना तो अधिक वेळा ओळखता आला. यात कसलेले संगीतकारही होते, आणि आवाजच महत्त्वाचा असे त्यांचेही मत होते. म्हणून तालाचे गुण देणाऱ्या किमान एका परीक्षकाला पथकाकडे पाठ करून बसवावे, अशी माझी सूचना आहे. ती विचित्र वाटेल, पण करून पाहण्यासारखी आहे.

मग लोकांचे काय? त्यांनाच मत देऊ द्यावे, ही मागणी मला मुळीच हलकी वाटत नाही. मिरवणूक ही लोकांची गोष्ट आहे. परंतु मैदानात जमलेले लोक म्हणजे सगळे श्रोते नव्हेत. ज्या पथकाचे गाव जवळ, ज्याच्या वादकांचे नातलग आणि मित्र जास्त, त्याच्या टाळ्या जास्त. पन्नास कोस दुरून आलेल्या पथकाने उत्तम वाजवले तरी त्याच्या वाट्याला त्या येणार नाहीत. फोनवरून मत घेतले तर मैदानाची हद्द सुटते, पण मते गोळा करण्याची चढाओढ लागते. यावरचा योग्य तोडगा आपल्या देशात वापरात आहे. 2022 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात परीक्षक मंडळाने उत्तर प्रदेशाचा चित्ररथ सर्वोत्कृष्ट ठरवला आणि लोकांच्या ऑनलाइन मतांतून महाराष्ट्राचा चित्ररथ लोकप्रिय ठरला. दोन निकाल वेगळे लागले आणि कोणाचेच काही बिघडले नाही, कारण दोन्ही पुरस्कार वेगळे ठेवले होते. लोकांचे मत आणि परीक्षकांचे गुण एकाच बेरजेत टाकले असते, तर आलेला आकडा नेमके काय मोजतो हे कोणालाच सांगता आले नसते.

आता आवाजाकडे येऊ, कारण इथे बहुतेक संयोजक नकळत चुकतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मागच्या रांगेतला ढोल परीक्षकापासून पुढच्या रांगेपेक्षा 34 मीटर लांब असेल, तर त्याचा ठोका सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोहोचतो. जलद तर्रीत तेवढ्या वेळात ताशावर आणखी एक काडी पडून जाते. त्यात ताशे पुढे उभे असले आणि मागचे ढोल त्यांचा आवाज ऐकून वाजवत असले, तर उशीर दुप्पट होतो. म्हणून व्यासपीठावर बसलेल्या परीक्षकाला पसरट वाटणारे वादन पथकाच्या मध्यात उभे राहिल्यास चांगले घट्ट असू शकते. ताशे मधोमध ठेवण्याची पद्धत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. पण परीक्षकांनीही जागा वाटून घ्यायला हव्यात: एक मैदानात पथकाजवळ, एक समोर, एक उंचावर. सगळे पाहुण्यांच्या शेजारी सोफ्यावर बसले तर तीन परीक्षक असूनही कान एकच.

संख्येचा मोहही याच रकान्यांशी जोडलेला आहे. दीडशे ढोलांचा दणका छातीत बसतो, आणि तो वादकांच्या कौशल्यामुळे बसला की संख्येमुळे हे त्या क्षणी कळत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांवर तीस जणांची मर्यादा घातली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मिरवणुकीत किती माणसे असावीत हा वेगळा वाद आहे. स्पर्धेपुरते मात्र मोठ्या आणि लहान पथकांचे गट वेगळे हवेत, हे मला स्पष्ट दिसते. नाहीतर गावातल्या चाळीस जणांच्या पथकाने कितीही नेटके वाजवले तरी त्याची लढत दणक्याशीच राहते.

उरली बेरीज. समजा तीन परीक्षक आहेत. पहिल्याने एका पथकाला 82 आणि दुसऱ्या पथकाला 80 दिले, दुसऱ्याने 81 आणि 79. तिसऱ्याने 60 आणि 75 दिले. बेरीज 223 आणि 234. तिघांपैकी दोघांनी पहिले पथक सरस ठरवले, तरी जिंकले दुसरे, कारण तिसऱ्या परीक्षकाने गुणांमध्ये मोठे अंतर ठेवले. त्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. त्याची पट्टीच लांब आहे. उपाय म्हणून प्रत्येकाचे गुण क्रमांकांत बदलून क्रमांकांची बेरीज करता येते. यावर आक्षेप असा की एखादे पथक खरोखरच खूप पुढे असले तर ते अंतर क्रमांकांत बुडते. आक्षेप खरा आहे, पण एकट्या परीक्षकाने निकाल फिरवण्यापेक्षा ते नुकसान मला कमी वाटते. शिवाय गुणांची बारीक अंतरे आपण समजतो तितकी बोलकी नसतात. 2008 साली अमेरिकेतल्या त्याच स्पर्धेत फँटम रेजिमेंट हे पथक स्पार्टाकसवरच्या कार्यक्रमाने 98.125 गुण मिळवून जिंकले आणि ब्ल्यू डेव्हिल्स 98.100 गुणांवर राहिले. गुणाचा चाळिसावा भाग कोणत्याही मानवी कानाला ऐकू येत नाही. त्याच संस्थेने 1996, 1999 आणि 2000 साली बरोबरीत आलेल्या दोन-दोन पथकांना संयुक्त विजेते घोषित केले होते. आपल्याकडेही बरोबरी झाली की घाईने चिठ्ठी टाकण्यापेक्षा करंडक सहा-सहा महिने वाटून द्यावा.

वादनाच्या क्रमाचेही असेच. ब्रुसेल्समधल्या राणी एलिझाबेथ पियानो स्पर्धेत क्रम चिठ्ठीने ठरतो, तरी नंतर वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक अधिक मिळाल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. पहिल्या पथकाच्या वेळी परीक्षकाची पट्टी अजून ठरलेली नसते, म्हणून तो हात राखून गुण देतो. स्पर्धेआधी सर्व परीक्षकांना एकच ध्वनिमुद्रित वादन ऐकवून गुण द्यायला लावले आणि फरकांवर अर्धा तास बोलू दिले, तर ही त्रुटी बरीच आटोक्यात येते.

एवढा खटाटोप तालुक्याच्या गावातल्या मंडळाला परवडेल का, हा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. परीक्षकांच्या जागा, वेगळे रकाने, क्रमांकांची बेरीज आणि ध्वनिमुद्रित वादन यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत. आधी बसून ठरवण्याची तयारी लागते. वाद्यपूजन होऊन सरावाला सुरुवात होते त्याच दिवशी गुणपत्रिका सर्व पथकांच्या हाती पडावी, आणि निकालानंतर भरलेली गुणपत्रिका परीक्षकाच्या दोन ओळींच्या शेऱ्यासह पथकप्रमुखाला मिळावी. हे शेरे कसे लिहावेत, कोणते शब्द वादकाला उपयोगी पडतात आणि कोणते नुसते दुखावतात, ते पुढच्या लेखांकात पाहू.